वरच्या वस्तीची श्वेतपत्रिका

५ जानेवारी

"वरच्या वस्तीतल्या माणसांनो! खालच्या वस्तीला रोज पाणी, आपल्याला दिवसाआड. त्यांना स्वच्छ, आपल्याला पिवळं. त्यांच्या मुलांना सर्दी होते, आपल्या मुलांना कावीळ! या पाण्यात काय आहे ते आम्हाला लेखी सांगा. श्वेतपत्रिका काढा!"

आज चौकात हेच बोलले. अकरा वर्षं हेच बोलतेय. टाळ्याही त्याच वाक्यांना पडतात.

खाली उतरते तोच समोर पाणीखात्याचा शिपाई. मला वाटलं, आली नोटीस! तर म्हणाला, "सही करा ताई. आणि घसा जरा शेका, खरखरतोय." पाकिटात एक पानाचं पत्र. वरच्या वस्तीच्या पाणीपुरवठ्यावर खातं श्वेतपत्रिका काढणार आहे. मसुद्याच्या कामात नागरिकांच्या बाजूनं एक सभासद — मी!

तिथंच उभ्या उभ्या तीनदा वाचलं. लोक विचारत होते, काय झालं? मला बोलता येईना. मला! जिला अख्खी वस्ती तोफ म्हणते!

६ जानेवारी

आत्याला सांगितलं. आईवडिलांमागे तिनंच मला वाढवलं, त्यामुळे या घरात माझं वक्तृत्व चालत नाही.

"श्वेतपत्रिका म्हणजे काय गं?"

"एखाद्या गोष्टीत खरं काय घडलं ते सरकारनं स्वतः लिहायचं, छापायचं आणि लोकांपुढे ठेवायचं."

"म्हणजे आजवर खोटं सांगत होते?"

"तसंच काही नाही, पण —"

"मग एका पांढऱ्या कागदासाठी अकरा वर्षं मोर्चे काढलेस? दुकानात मागितला असतास तर दिला असता की त्यानं!"

हसून हसून पुरेवाट झाली. पण कामावर गेल्यावर खटकलं. वाचनालयात अठरा वर्षं नोकरी. सगळे कोश हाताशी. आणि ज्या शब्दासाठी लाठ्या खाल्ल्या, तो कधी उघडून पाहिला नव्हता! आज पाहिला. फार पूर्वी एका देशाच्या संसदेत जाडजूड अहवालांना निळं कव्हर घालायचे. छोट्या निवेदनाला वेगळं कव्हर कोण घालणार? आतला पांढरा कागद तोच बाहेर. तेवढ्यावरून नाव पडलं. मी समजत होते, पावित्र्य वगैरे काहीतरी असेल. आत-बाहेर एकच कागद — बस्स. किती साधं! आणि किती कठीण!

१० जानेवारी

आज मसुदा करणाऱ्या बाई भेटल्या. खात्यात पस्तीस वर्षं. खात्यातून जे काही छापून बाहेर पडतं ते त्यांच्या पेन्सिलीखालून जातं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात, मोठे साहेबसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही विरोधकांनी 'काळी पत्रिका' काढली होती, बारा पानी. सगळी मी लिहिलेली. मोठ्या दिमाखात त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, निम्मं काम झालंच आहे. बाईंनी पेन्सिल घेतली.

"'निर्दयी कारभार.' निर्दयी कसं मोजलंत?"

"त्यात मोजायचं काय!"

"मग काढते. 'हजारो कुटुंबं.' किती हजार?"

"हजारो म्हणजे... पुष्कळ."

"'असंख्य बळी.' संख्या?"

तासाभरात बारा पानांतल्या दोन ओळी उरल्या. वरच्या वस्तीत १,२१४ नळजोड आहेत. पाणी दिवसाआड पन्नास मिनिटं येतं. बाकी सगळ्यावर पेन्सिलीची रेघ!

माझा पारा चढला. "बाई, माणसांच्या जिवाची मोजणी करता तुम्ही!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "मोजलं नाही तर गेला कोण ते कळणार कसं?"

मग म्हणाल्या, "काळी पत्रिका दुसऱ्याबद्दल असते, ती भराभर लिहून होते. श्वेतपत्रिका स्वतःबद्दल. काय झालं, का झालं, पुढे काय करणार. त्यातल्या 'का'पाशी लिहिणाऱ्याचा हात अडला नाही, तर मी तो मसुदा परत पाठवते."

घरी येताना वाटेत एकही विशेषण सुचलं नाही.

११ जानेवारी

१८७. अकरा वर्षांतल्या काविळीच्या नोंदी. मृत्यू ४. सरकारी दवाखान्याच्या वह्यांतून मी स्वतः मोजल्या, बोट ठेवून.

चारांतली पहिली समोरच्या शिवणवालीची मुलगी. नऊ वर्षांची. माझ्या प्रत्येक भाषणात मी तिचं नाव घेते. ते घेतलं की चौक चिडीचूप होतो. आज वहीत ते नाव दिसलं, पुढे वय, पुढे तारीख. बोट पुढे सरकेना. भाषणात ते नाव घेताना माझा आवाज कधी अडखळला नव्हता.

२० जानेवारी

पाणीखात्याचं तळघर. इथे चावीवह्या आहेत.

रस्त्याखालच्या व्हॉल्व्हची उघडझाप करणारा तो चावीवाला. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी. आमच्या वस्तीचा चावीवाला एकच, एकतीस वर्षं तोच. त्यानं दर खेपेला वहीत लिहिलंय. दर खेपेला! "५.४० दोन फेरे. थांबलो. ५.४४ दोन फेरे. थांबलो." असं करत करत "६.०४ चौदा फेरे. पूर्ण." दिवसाआड. एकतीस वर्षं. मध्येच कुठे "ताप. तरी सोडलं." एके ठिकाणी "मुलीचं लग्न. सहा मिनिटं उशीर."

मी जगाचे इतिहास वाचलेत. क्रांत्या पाठ आहेत मला. पण तळघरात उकिडवं बसून ती तिरकी, शाई फुटलेली अक्षरं वाचताना एकही पान सोडवेना. जे घडलं ते, घडलं तेव्हा, घडलं तेवढंच लिहिणारा माणूस!

त्याला विचारलं, "दादा, कशासाठी लिहिलंत हे? कोणी वाचतं का?"

"न वाचेना का. सोडलं की लिहायचं. नाहीतर सोडलं म्हणून कोण म्हणेल?" मग मिश्कीलपणे, "तुम्ही तर चौकात म्हणता, सोडतच नाही!"

२५ जानेवारी

पहाटे चावीवाल्याबरोबर व्हॉल्व्हवर गेले. म्हटलं, मला फिरवू द्या. दोन फेऱ्यांत खांदे भरून आले. तिसरा घ्यायला गेले तर हातावर चापटी! एवढ्या मोठ्या वक्त्रीला!

"दम खा. तुम्ही नाही, पाइपाला खाऊ द्या. दोन दिवस रिकामा असतो तो, आत नुसती हवा. पाणी एकदम सोडलंत तर हवा कोंडते आणि सांधा फुटतो."

पन्नास मिनिटांनी तसंच सावकाश बंद केलं. मग तो मला मोठ्या गटाराच्या काठी घेऊन गेला. चावीचं एक टोक रस्त्यातल्या झाकणातून खाली पाइपावर टेकवलं. म्हणाला, दुसऱ्या टोकाला कान लावा.

आधी काही नाही. मग — देवा! जमिनीच्या पोटातून आवाज आला. बारीक, लांबलचक. तान्हं मूल चोखतं तसा.

"पाणी थांबलं की पाइप आत ओढतो," तो म्हणाला. "सांध्याला फट असली की बाहेरचं आत."

बाहेर काय आहे ते विचारायची गरज नव्हती. नाकालाच कळत होतं. गटार! म्हणजे पुढल्या खेपेला नळ सुटतो तेव्हा पहिलं येतं ते हे. आणि आमच्या बायका पहिलंच भरायला धावतात, पुढे पुरेल न पुरेल म्हणून.

"कधीपासून आहे ही फट?"

"वहीत असेल."

"मग सांगितलं नाहीत कोणाला?"

"सांगितलं. तेही वहीत असेल." आणि चावी खांद्यावर टाकून निघून गेला. माझ्याकडे बघायचं टाळून.

घरी येईपर्यंत कानात तो आवाज. शत्रू सापडला म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण खरं लिहायचं तर नुसती थक्क होते. अकरा वर्षं ज्याच्याबद्दल गर्जना केल्या, तो एवढ्या हळू आवाजात बोलत होता!

२ फेब्रुवारी

सापडलं.

अकरा वर्षांपूर्वीची १९ एप्रिल. आमच्या सर्वांत मोठ्या मोर्चाची तारीख, विसरणार कशी? हातगाडीवर उभी राहून मी ओरडले होते, "भीक मागू नका! घ्या ती चावी! फिरवा!" बायकांनी चावी हिसकली. पाणी अगदी वरच्या ओळीतल्या नळांना आलं. लोक रस्त्यात नाचले. मी भिजून घरी आले. माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस.

चावीवहीत त्या दिवशीची नोंद —

"मोर्चानं चावी घेतली. चौदा फेरे एकदम. गटाराजवळ सांध्याचा आवाज झाला. मोठा. साहेबांना जाऊन सांगितलं."

खाली वेगळ्या शाईत : "पाहिले." आणि सही. ती सही मी ओळखते. मला आलेल्या पत्रावरही तीच आहे. आजचे मोठे साहेब तेव्हा धाकटे होते.

दवाखान्याची वही शेजारी उघडली. त्या एप्रिलपर्यंत वर्षाला काविळीचे दोन, फार तर तीन रुग्ण. मेअखेरीस एका आठवड्यात अकरा. शिवणवालीची मुलगी गेली ३० मेला. मोर्चानंतर एक्केचाळीस दिवसांनी.

मी म्हटलं होतं — फिरवा.

३ फेब्रुवारी

लिहवत नाही.

५ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी बोलावलं. वही त्यांच्यापुढे उघडीच होती. खुर्ची दिली, पाणी दिलं. (बाटलीतलं!)

"ताई, स्पष्ट बोलतो. इथे एक ओळ तुमची आहे आणि एक माझी. दोन्ही काढू या. 'पाइप जुना झाल्याने गळती' असं लिहू. खोटं नाही ते, पाइप पन्नास वर्षांचा आहेच. तुम्हाला नवी पाइपलाइन मिळेल, मला निवृत्ती मिळेल."

"आणि गटाराखालचा सांधा?"

"तो पुढच्या टप्प्यात. गटार दुसऱ्या खात्याचं. त्याखाली खोदायला त्यांची परवानगी लागते आणि परवानगीला लेखी कारण लागतं. तेच तर आपण लिहीत नाही."

"पुढचा टप्पा कधी?"

"चार-पाच वर्षं."

मी ताडकन उठले नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे मी हे सांगणार नाही : मी विचार करते म्हणाले.

७ फेब्रुवारी

दोन दिवस विचार केला. किती सुंदर कारणं सुचली! चळवळ मोडेल. लोकांचा विश्वास उडेल. खातं सगळा दोष मोर्चावर ढकलून नामानिराळं होईल. एकेक कारण असं, की चौकात टाळ्या पडाव्यात.

आत्यानं विचारलं, "जेवत का नाहीस?" सगळं सांगून टाकलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पाणी तर हवंच होतं ना गं तेव्हा?"

"हो."

"मग मागितलंस ते चुकलं नाही. फिरवायची घाई चुकली. तेवढंच लिही. जास्त रडू नकोस त्यात, आणि कमीही करू नकोस."

बाईंच्या पेन्सिलीनंही याहून नेमकं केलं नसतं!

८ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, माझी ओळ राहणार. तुमची काढायची तर काढा. पण माझी वाचून लोक विचारतीलच, मग अकरा वर्षं दुरुस्त का नाही केलं?

ते खिडकीपाशी गेले. परत आले. म्हणाले, "त्या दिवशी वर कळवलं असतं तर म्हणाले असते, मोर्चा रोखला का नाहीस? नवीन होतो. पुढे दर वर्षी वाटायचं, आता लिहावं. पण मग आधी का नाही लिहिलं, तेही लिहावं लागलं असतं." आणि मसुद्याच्या समासात स्वतःच्या हातानं लिहिलं : "ही नोंद मी पाहिली होती. कार्यवाही केली नाही." खाली पूर्ण सही.

इतकी वर्षं या माणसाला मी चौकात सोलून काढलं. आज त्याच्यासमोर हात जोडावेसे वाटले. जोडले नाहीत. पण वाटलं.

९ फेब्रुवारी

मसुदा तयार. तरी बाई छपाईला सोडेनात. त्यांची पस्तीस वर्षांची एक पद्धत आहे. ज्याच्या मनाला मसुदा सर्वांत जास्त लागणार, त्याला आधी समोर बसून वाचून दाखवायचा. "डोळ्याला डोळा देऊन जे वाक्य वाचता येत नाही, ते अजून कच्चं असतं."

"कोणाला वाचून दाखवायचा?" मी विचारलं. उगाच. मला माहीत होतं.

"तुमच्या समोरच राहतात ना त्या?"

११ फेब्रुवारी

गेले. शिवणवाली मशीनवर होती. मला पाहून म्हणाली, "ये गं तोफे. आज कोणावर डागायची?"

म्हटलं, मशीन थांबव. "तोंडानं वाच की, कान मोकळेच आहेत माझे." पण थांबवली.

वाचलं. सगळं. नळजोड, मिनिटं, १८७. मग माझ्या ओळीचा परिच्छेद : "१९ एप्रिल रोजी मोर्चाच्या प्रमुख वक्त्या, ज्या या मसुद्याच्या कामात सभासद आहेत, त्यांच्या सांगण्यावरून व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडण्यात आला. त्यामुळे गटाराखालील सांधा फुटला. खात्याला हे त्याच दिवशी कळवण्यात आले होते." वाचताना कागदाकडे पाहायचं नाही, असं ठरवलं होतं. जमलं. कसं ते विचारू नये.

ती म्हणाली, "परत वाच."

परत वाचलं.

"एकदम फिरवल्यानं?"

"हो. सावकाश फिरवली असती तर फुटला नसता."

"आणि त्याच पाण्यानं...?"

"हो."

तिनं मशीनवरचं कापड उचललं, उगाच घडी केली, मोडली, परत केली. मी वाट पाहत होते — शिव्या देईल, मारेल, हाकलेल. मी सगळ्याची तयारी करून गेले होते. ती एवढंच म्हणाली, "तिचं नाव भाषणात घेत जाऊ नकोस आता." आणि दाराकडे पाहिलं.

माझं म्हणून काही सांगायचं होतं, क्षमा वगैरे. तोंडाशी आलेलं तिथंच राहिलं. ते तिच्यासाठी नव्हतंच, माझ्यासाठी होतं.

१ मार्च

छापून आली! चोवीस पानं. बाईंनी पहिली प्रत माझ्या हातात दिली. किती हलकी! आत कुठेही उद्गारचिन्ह नाही. मी पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहत होते. अकरा वर्षांत मी एक दगड हलवू शकले नव्हते. आज दुपारीच गटार खात्याची खोदाईला परवानगी आली. कारणाच्या रकान्यात आमची ओळ, जशीच्या तशी. एक वाक्य, आणि रस्ता उघडतोय!

काम संपायला मेअखेर. तोवर बाईंनी शेवटच्या पानावर ठळक घेतलंय : नळ सुटल्यावर पहिली दहा मिनिटं पाणी भरू नका.

२ मार्च

चौकात पत्रिका वाचली. भाषण केलं नाही, फक्त वाचली. माझ्या ओळीपाशी कुजबुज सुरू झाली. "हिला साहेबांनी फोडली!" "दोष आपल्यावरच?" कोणीतरी ओरडलं, "तोफेनं गोळा आपल्याच गडावर टाकला!" लोक हसले. निम्मे उठून गेले.

गेले तर गेले. पण पहिल्या दहा मिनिटांचं कोणी ऐकेना! "पन्नासातली दहा सोडायची? साहेबांची नवी युक्ती, पाणी वाचवायची!"

४ मार्च

सकाळी नळ सुटला. दारादारांतून हंडे, घागरी — पहिल्याच मिनिटाला. मी धावत धावत सांगत फिरले. एकीनं हंडा पुढे ढकलून म्हटलं, "बाजूला हो गं, अंगावर पाणी येईल." या वस्तीत एकेकाळी माझ्या एका शब्दावर हजार माणूस उठायचं. आता एक घागर नळाखालून सरकेना. पुढची कावीळ कोणाच्या घरात?

६ मार्च

शिवणवाली वाचनालयात आली. आयुष्यात पहिल्यांदा. मापाच्या चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं माझ्यापुढे ठेवलं :

"१९ एप्रिलला चावीवर चौघी होतो. पुढचा हात माझा होता. चावीवाला सावकाश सावकाश म्हणून ओरडत होता. मी ऐकलं आणि फिरवली. माझी मुलगी तहानलेली होती. पहिली दहा मिनिटं पाणी भरू नका."

खाली तिचं नाव. त्याखाली तिच्या मुलीचं.

मी दोनदा वाचलं. म्हटलं, दे, चौकात वाचते.

तिनं चिठ्ठी काढून घेतली. "तू नाही. मी वाचणार. तू फक्त माणसं गोळा कर."